एका मोसमात १०६ सामने

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात सर्वाधिक सामन्यांत चेंडू टाकण्याचा विक्रम १९७४ सालापासून माइक मार्शल यांच्या नावावर आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या १६२ सामन्यांपैकी १०६ सामन्यांत ते उतरले, आणि त्यांतले १३ तर सलग होते. सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, दमला किंवा अडचणीत आला की त्याची जागा घेणारे ते ‘रिलीव्हर’ होते. सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळवणारे पहिले रिलीव्हरही तेच.

पिचरचा हात हे सारे सोसतो कसा, हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे. सुमारे दीडशे ग्रॅमचा चेंडू पूर्ण वेगाने फेकताना खांदा सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास गतीने फिरतो आणि कोपराच्या आतल्या बाजूवर साठ न्यूटन-मीटरच्या घरातला पीळ पडतो. तेथील अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा) एकटा असता, तर याच्या जवळपास निम्म्या पिळालाच तो तुटला असता, असे मृतदेहांवरील चाचण्या सांगतात. उरलेला भार पुढच्या हाताचे स्नायू आणि सांध्याची हाडे उचलतात. स्नायू थकले की हे संरक्षण कमी होते, म्हणून दोन सामन्यांमधली विश्रांती महत्त्वाची ठरते.

त्याच वर्षी, त्याच संघात, टॉमी जॉन या पिचरचा हा अस्थिबंध निकामी झाला. सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्यांच्या उजव्या हातातील कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली, आणि ती शस्त्रक्रिया आज जॉन यांच्याच नावाने ओळखली जाते. मार्शल मात्र मोसमभर टाकत राहिले. त्यांनी मिशिगन स्टेट विद्यापीठात व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास केला होता आणि १९७८ मध्ये त्यांना डॉक्टरेटही मिळाली. चेंडू सोडताना अंगठा खाली जाईल असा हात वळवला तर कोपर वाचते, असे ते आग्रहाने सांगत. त्यांचा हुकमी चेंडू, स्क्रूबॉल, तसाच टाकला जातो. त्यांची पद्धत बहुतेक संघांनी स्वीकारली नाही, आणि एका माणसाच्या हातावरून नियम सिद्धही होत नाही.

मुळात सामन्यांची संख्या हे ताणाचे माप म्हणून भाबडेच आहे. मार्शल यांनी त्या मोसमात २०८ डावांहून थोडे अधिक (तीन गडी बाद झाले की एक डाव), म्हणजे ६२५ गडी बाद होईपर्यंत, चेंडू टाकले. न्यूयॉर्क मेट्सचे पेड्रो फेलिसियानो २०१० मध्ये ९२ सामन्यांत उतरले, पण त्यांचे डाव भरले जेमतेम ६३. कित्येकदा एका-दोन डावखुऱ्या फलंदाजांपुरतेच त्यांना बोलावले जाई. तरीही, सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक सामने खेळल्यानंतर, खांद्याच्या दुखापतीमुळे पुढचे दोन मोसम ते मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकले नाहीत. याउलट केंट टेकुल्वी, जे हात कमरेखालून आणून चेंडू टाकत, १९७९ मध्ये ९४ आणि १९८७ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ९० सामने खेळले. यावरून खालून टाकणे सुरक्षित असे समीकरण मांडण्याची घाई मात्र करू नये, कारण पीळ त्या शैलीतही पडतोच.

शिवाय रिलीव्हर मैदानाच्या कडेला सराव-फेकी करून तयार होतो, आणि कधी कधी त्याला बोलावलेच जात नाही. त्या फेकींचा भार कोपरावर आणि खांद्यावर पडतो, पण सामन्यांच्या आकड्यात त्यांची नोंद होत नाही.