उघड्या छताखालची सजावट : सुक्क्यातील कागद, रंग आणि फळे

सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, ऐन पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो आणि सात दिवस चालतो. या काळात अंगणात, गच्चीवर किंवा मोकळ्या गॅलरीत उभारलेल्या तात्पुरत्या मांडवात, म्हणजे सुक्क्यात, कुटुंबे जेवतात आणि काही जण तेथेच झोपतात. सुक्क्याच्या छताचा नियम मोठा नेमका आहे. ते जमिनीत उगवून तोडलेल्या वनस्पतींचेच असावे, त्याखाली उन्हापेक्षा सावली अधिक पडावी, पण ते इतके दाट नसावे की पाऊसही आत येणार नाही. रात्री फटींतून तारे दिसावेत, असाही संकेत आहे. गणपतीचे मखर घरात, भिंतींच्या आश्रयाने उभे असते; सुक्क्यातली सजावट मात्र आठवडाभर ऊन, वारा आणि दव यांच्या स्वाधीन असते. लहान मुलांनी हौसेने केलेल्या कागदी साखळ्या तिसऱ्या दिवशी गळून पडल्या, तर तो मुलांच्या हातांचा दोष नसतो. बहुतेक वेळा साहित्याची निवड चुकलेली असते.

इस्राएलच्या किनारपट्टीवर या दिवसांत पावसाळा जेमतेम सुरू होण्याच्या बेतात असतो, पण समुद्रावरून येणारी दमट हवा रात्री थंड होते आणि दव भरपूर पडते. कोकणातील आणि मुंबईतील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी प्रश्न आणखी अवघड आहे, कारण मुंबईतून मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माघार घेतो आणि सण त्याआधीही येऊ शकतो. छताला नारळाच्या झावळ्या सहज मिळतात, परंतु त्यांतून टपकणारे पाणी खालच्या कागदावरच पडते.

म्हणून सुरुवात कागदापासून करणे योग्य. कागद म्हणजे वनस्पतींतील सेल्युलोजच्या तंतूंचे एकमेकांवर बसलेले जाळे असून, त्याला धरून ठेवण्यात तंतूंमधील हायड्रोजन बंधांचा वाटा मोठा असतो. पाण्याचे रेणू या बंधांच्या मध्ये शिरतात आणि जाळे सैल पडते. त्यामुळे कोरडा असताना चांगला ताण सोसणारा साधा कागद भिजल्यावर स्वतःच्या वजनानेही फाटू शकतो. कागदाला दिशाही असते, आणि ती मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने पडतात. छपाईच्या व्यवसायात याला ग्रेन म्हणतात. वर्तमानपत्र एका दिशेने फाडले तर जवळजवळ सरळ रेषेत फाटते, दुसऱ्या दिशेने फाडले तर वेडेवाकडे फाटते. चार वर्षांच्या मुलालाही हा फरक हाताला जाणवतो, आणि फाडण्याची परवानगी मिळाल्याचा आनंद वेगळाच. ओलावा मिळाल्यावर तंतू रुंदीला फुगतात, लांबीला जवळजवळ वाढत नाहीत. म्हणून कागदाच्या चौकोनी तुकड्याची एकच बाजू ओली केली की तो गुंडाळू लागतो, आणि त्या गुंडाळीचा अक्ष ग्रेनच्या दिशेला असतो. साखळीसाठी पट्ट्या ग्रेनच्या दिशेने लांब कापल्या तर त्या ताण अधिक सोसतात. ग्रेनला आडव्या कापल्या तर त्यांची कडी सहज वळते, पण ती तुलनेने कमकुवत असते. लहान बोटांना सोपे काय आणि आठवडाभर टिकणारे काय, यांत येथे थोडी ओढाताण होते. माझा कल टिकाऊपणाकडे आहे, कारण पट्टी पेन्सिलीभोवती एकदा गुंडाळून घेतली की ती कोणत्याही दिशेने कापलेली असली तरी पुरेशी वळते.

साखळी टांगण्याची रीत तिच्या कागदाइतकीच महत्त्वाची आहे. ए-4 आकाराचा, 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) एक कागद सुमारे 5 ग्रॅम भरतो. अशा पाच कागदांच्या कड्यांपासून तीन मीटर अंतरावर टांगण्याजोगी साखळी झाली असे धरले, तर तिचे वजन सुमारे 25 ग्रॅम होते. ती जवळजवळ ताठ, मध्ये फक्त 10 सेंटिमीटर झोल ठेवून बांधली, तर तिच्यातील आडवा ताण साधारण 94 ग्रॅम वजनाइतका येतो, म्हणजे साखळीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चौपट. झोल 30 सेंटिमीटर ठेवला की तोच ताण सुमारे 31 ग्रॅमवर उतरतो. दवाने कागदाचे वजन वाढते आणि बळ कमी होते. अशा वेळी हा तिपटीचा फरक साखळी टिकणार की तुटणार, हे ठरवून टाकतो. दोन टोकांना धरलेली साखळी जो वक्र घेते, त्याचे गणिती समीकरण 1691 साली हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली या गणितज्ञांनी मांडले. तो वक्र दिसायला परवलयासारखा असला तरी परवलय नाही. झोल वाढवण्यालाही सुक्क्यात मर्यादा आहे: सजावट छतापासून चार मुठींपेक्षा, म्हणजे साधारण 32 ते 38 सेंटिमीटरपेक्षा, खाली लोंबू नये असा ज्यू धर्मशास्त्राचा दंडक आहे, कारण त्यापलीकडे ती छताचा भाग मानली जात नाही. 30 सेंटिमीटरचा झोल या मर्यादेत नेमका बसतो. त्याहून कमी ताण हवा असेल तर साखळीला मध्यभागी आणखी एक गाठ द्यावी. अंतर निम्मे झाले आणि झोल तेवढाच राहिला की ताण एक-चतुर्थांश होतो.

कड्या चिकटवण्यासाठी मैद्याची खळ मुलांच्या हाती द्यायला निर्धोक असते. मैदा पाण्यात कालवून तापवला की साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगू लागतात, आणखी तापल्यावर फुटतात आणि मिश्रण दाट, चिकट होते. पुस्तक बांधणारे कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असल्याने मुलांसाठी केलेल्या खळीत तो मुळीच नको, त्याऐवजी खळ फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावी. खळीचा एक दोष असा, की वाळलेला स्टार्च दवाने पुन्हा नरम पडतो आणि सांधा सुटतो. प्रत्येक कडीला मोठ्या माणसाने स्टेपलरची एक पिन मारली की काम भागते; आठवडाभरात पिन थोडी गंजली तरी चालते.

चित्रे लॅमिनेट करून लावण्याची पद्धत इस्राएलमधील घरांत आणि बालवाड्यांत सर्रास दिसते, आणि तिच्यातली नेहमीची चूक एकच असते. लॅमिनेट केलेला कागद डाळिंबाच्या किंवा पक्ष्याच्या आकारात थेट कडेवरून कापला, तर कागदाची कड उघडी पडते, आणि तेथून पाणी तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांत केशाकर्षणाने आत चढते. प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये अडकलेले ते पाणी नंतर बाहेर पडत नाही आणि काळे डाग उमटतात. आधी चित्र कापावे, मग लॅमिनेट करावे, आणि शेवटी चारी बाजूंनी 3 ते 5 मिलिमीटर प्लॅस्टिक राखून पुन्हा कापावे.

क्रेप कागदाचे रंग पाण्यात विरघळणारे असल्याने ते पहिल्याच दवात ओघळतात आणि खालचा पांढरा टेबलक्लॉथ रंगवतात. स्केचपेनच्या शाईचेही तेच. हाच दोष सजावटीसाठी वापरून घेण्यात मजा आहे: फिल्टर कागदाच्या गोल चकतीवर काळ्या स्केचपेनने वर्तुळ काढून मध्यभागी पाण्याचा थेंब सोडला, की शाईतील निरनिराळे रंग आपापल्या वेगाने कडेकडे सरकतात आणि फूल उमलल्यासारखी चकती तयार होते. ती वाळवून लॅमिनेट करावी. उन्हातील अतिनील किरण रंगांच्या रेणूंतील बंध तोडतात, त्यामुळे ही फुले दक्षिणेकडच्या उघड्या भिंतीवर फिकटतील. गेरूसारखे खनिज रंग आणि काजळीचा काळा मात्र उन्हाने सहजासहजी उडत नाहीत.

सजावटीसाठी फळे टांगण्याची चाल फार जुनी आहे. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथातील यादीत चित्रित कापडांच्या जोडीला अक्रोड, बदाम, पीच, डाळिंबे, द्राक्षांचे घोस आणि कणसांच्या माळा आहेत, आणि सण संपेपर्यंत त्यांतील काहीही खाऊ नये असा नियम सोबत दिला आहे. या यादीतील पदार्थ आठवडाभर सारखेच टिकत नाहीत. अक्रोड आणि कणसे मुळातच कोरडी असतात. डाळिंबाची साल जाड आणि टॅनिनयुक्त असल्याने ते सडण्याऐवजी बहुधा वाळते. द्राक्षाची साल पातळ असते. ती फुटली की यीस्ट आतील साखर आंबवू लागते आणि तो वास व्हिनेगर-माशीला, म्हणजे पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीला, लांबून ओढून आणतो. 25 अंश तापमानात या माशीला अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत सुमारे दहा दिवस लागतात, म्हणजे पहिल्या दिवशी घातलेल्या अंड्यांतून नव्या माश्या निघण्याआधीच सुक्का उतरवला जातो. गांधीलमाशीला मात्र असा धीर नसतो. इस्राएलमधील पौर्वात्य गांधीलमाशी, व्हेस्पा ओरिएंटालिस, उन्हाळा सरताना फार मोठ्या संख्येने असते आणि गोडाकडे धावते. जेथे मुले जेवायला बसतात तेथे द्राक्षे आणि कापलेली फळे टांगू नयेत, हे उत्तम.

संत्र्याच्या चकत्या हा चांगला पर्याय आहे. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या ओव्हनमध्ये सुमारे 100 अंशांवर काही तास, मध्ये मध्ये उलटत, वाळवल्या की त्यांतील बुरशीला उपयोगी पडेल असे पाणी उरत नाही आणि कॅरोटिनॉइड या नैसर्गिक रंगद्रव्यांमुळे नारिंगी रंगही बऱ्यापैकी राहतो. त्या साखरयुक्त असल्याने हवेतील ओलावा परत शोषतात. दमट रात्रींत त्या चिकट लागल्या, तर सकाळी पुन्हा तासभर ओव्हनमध्ये ठेवाव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाताशी मणी, लवंगा आणि सुटे अक्रोड नसावेत. सणाच्या मेणबत्त्यांपासून कागद दूर असावा, आणि माळा लावायच्या तर कमी व्होल्टेजच्या, बाहेर वापरण्याजोग्या एलईडीच्या लावाव्यात.

सण संपल्यावर टिकलेले सामान पुढच्या वर्षासाठी ठेवायचे असेल तर ते एका कोरड्या दिवसाचे ऊन दाखवूनच आवरावे. कागद आणि संत्र्याच्या चकत्या ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात; डाळिंबे मात्र डब्यात बंद करू नयेत, कारण बाहेरून कडक झालेल्या डाळिंबाच्या आतही ओलावा बराच काळ शिल्लक असतो आणि बंद डब्यात त्याला बुरशी धरते. ती जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी टांगून ठेवावीत.