रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

संग्रहालयात जपलेल्या पक्ष्याच्या पायाला एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कधी, कुणी गोळा केला, एवढंच त्यावर लिहिलेलं. माझ्या मते नमुन्याचं निम्मं मोल त्या चिठ्ठीत असतं, आणि रानपिंगळ्यामुळे मला ते पुरतं पटलं.

या छोट्या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. पुढे खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहाद्याच्या परिसरातून आणखी काही पिंगळे गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेना. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून उरले सात नमुने. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, गुजरातमधलं मांडवी, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन. साहजिकच शोधणाऱ्यांची नजर तिकडे वळली, पण हाती काही लागलं नाही.

१९९० च्या दशकात पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा नमुना बारकाईने तपासला, त्याचे एक्स-रे काढले. कातडी उसवून आत नव्याने भरण केलं होतं, तरी डेव्हिडसनच्या हातच्या कामाच्या खुणा आत शिल्लक होत्या. म्हणजे नमुना डेव्हिडसनचाच, चोरलेला, आणि चिठ्ठी खोटी! ती बाद केल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा तेवढ्या उरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात.

बांधकामावरही हेच. ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटचे नमुना म्हणून १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळे, भरतात आणि ७ व २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. काँक्रीटची ताकद वयाबरोबर वाढते, त्यामुळे क्यूबवर तारीख नसेल तर येणाऱ्या आकड्याला अर्थ नाही.

रुग्णालयात काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीनंतरही मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात. १९१८ च्या फ्लूत दगावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे असेच तुकडे लष्करी संग्रहात पडून होते. शास्त्रज्ञ जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने आधी जुनी कागदपत्रं वाचली आणि आजार सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत गेलेले रुग्ण निवडले, कारण त्यानंतर फुप्फुसात विषाणू सहसा उरत नाही. या तुकड्यांतून आणि अलास्कात गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका देहातून त्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ पर्यंत हाती आला. माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला १९३३ मध्ये. म्हणजे १९१८ मध्ये ते तुकडे मेणात ठेवणाऱ्या डॉक्टरांना आपण नेमकं काय जपतोय याची कल्पनाही नव्हती.