घाम काढल्याने ताप उतरत नाही
"दोन गोधड्या टाका अंगावर, घाम फुटला की ताप उतरेल." आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हेच सांगतात. क्रम मात्र उलटा आहे. मेंदूने ठरवलेली तापमानाची पातळी खाली आली की जास्तीची उष्णता टाकायला शरीर घाम काढतं. ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो. हुडहुडी भरलीय तोवर पांघरूण खुशाल द्या. ती थांबली की पातळ चादर पुरे. पाणी, पेज देत राहा. मोठ्या माणसाला, यकृताचा त्रास नसेल तर, पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, पुढची सहा तासांनी. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते, म्हणून आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मनाने नको. डेंग्यूत तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मान आखडली, माणूस बरळू लागला किंवा धाप लागली, तर थर्मामीटर बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.