ट्रॅव्हलर्स पाम ओळखायचा कसा?

कोल्हापुरात ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या बंगल्यांसमोर किंवा महामार्गालगतच्या हॉटेलांच्या दारात हे झाड हमखास दिसतं. खाली ताडासारखा कडक बुंधा, वर केळीसारखी लांबरुंद पानं, आणि ती मोराच्या पिसाऱ्यासारखी सपाट पसरलेली. नर्सरीत याला ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात; शास्त्रीय नाव रावेनाला. त्याचं घर मादागास्कर बेटाच्या पूर्व बाजूचं वर्षावन, जिथे वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यातही ते तग धरतं, फक्त वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात.

पाम म्हणत असले तरी हा ताड-माडांच्या कुळातला नाही. केळ, आलं, हळद, कर्दळ ज्या गणात येतात त्यातलाच हा एक, पण केळीही नव्हे. फरक पानात शोधू नका, पानांच्या मांडणीत शोधा. पावसाळ्यात घाटातल्या कड्यांवर चवई, म्हणजे रानकेळ, उगवते. तिची पानं खोडाभोवती गोल फिरत येतात आणि जे खोड वाटतं ते पानांच्या देठांची गुंडाळी असते. रावेनालाचा बुंधा खराखुरा, गळून गेलेल्या पानांच्या खुणा मिरवणारा, आणि पानं फक्त दोन रांगांत. केळफूल शेंड्यातून येतं, घड उतरला की ते खोड संपतं. रावेनालाची फुलं पानांच्या बेचक्यांतून येतात, त्यामुळे झाड वर्षानुवर्षं वाढतच राहतं.

खरी फसगत होते ती दक्षिण आफ्रिकेतल्या पांढऱ्या बर्ड ऑफ पॅराडाइजपाशी. तोही रावेनालाच्याच कुळातला, त्याचीही पानं दोन रांगांत, आणि लहान रोपं शेजारी ठेवली तर भलेभले चुकतात. अशा वेळी फुलाची वाट पाहावी. बर्ड ऑफ पॅराडाइजच्या फुलात पांढऱ्या पाकळ्यांमधून निळी जीभ बाहेर येते आणि पुंकेसर पाच असतात. रावेनालाची फुलं फिकट पांढरी, होडीच्या आकाराच्या हिरव्या आवरणांत बसलेली, पुंकेसर सहा. बी मिळाली तर शंकाच उरत नाही. बर्ड ऑफ पॅराडाइजच्या बीवर नारिंगी झुपका असतो, रावेनालाच्या बीवर गडद निळं आवरण. त्या नारिंगी झुपक्याची एक गंमत सांगायलाच हवी: २००९ मध्ये त्यात बिलिरुबिन सापडलं. काविळीच्या रिपोर्टमध्ये आपण ज्याचा आकडा बघतो तेच! तोवर हे रंगद्रव्य प्राण्यांतच असतं असा समज होता.

निळा रंग कशासाठी? मादागास्करमध्ये लेमूर, म्हणजे माकडांचे दूरचे नातलग, आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळा मात्र उठून दिसतो; म्हणून हा रंग बिया पसरवणाऱ्या लेमुरांसाठी असावा, असं मानतात. फुलांचं त्यांच्याशी असलेलं नातं तर प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. काळा-पांढरा रफ्ड लेमूर फुलाचं टणक आवरण हातांनी उघडतो, मध चाटतो आणि तोंडावरच्या केसांना लागलेले परागकण पुढच्या झाडावर नेतो.

दोन दंतकथा मात्र सोडून द्याव्यात. पानांचा पंखा नेहमी पूर्व-पश्चिमच पसरतो ही पहिली, पण ते खरं नाही. माळ्याने रोप ज्या बाजूला तोंड करून लावलं तशी पानं येतात, आणि बंगल्यांत ते बहुधा फाटकाकडे असतं. देठांतलं पाणी वाटसरूची तहान भागवतं, म्हणून ‘ट्रॅव्हलर्स’ हे नाव, ही दुसरी. देठांच्या खोबणीत पावसाचं पाणी साठतं हे खरं, पण त्यात गाळ, मेलेले किडे, कधी डासांच्या अळ्या असतात. तहानलेल्या वाटसरूने ते न प्यायलेलंच बरं.

आता राहिली बागेतली झाडाच्या नावाची पाटी. या वंशात रावेनाला मादागास्करिएन्सिस ही एकच प्रजाती आहे, असं दोन शतकांहून जास्त काळ मानलं जात होतं. मादागास्करच्या लोकांकडे मात्र वेगवेगळ्या रावेनालांना वेगवेगळी नावं होतीच: मालामा, बेमावो, होरोनोरोना. २०२१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणखी पाच प्रजातींचं वर्णन केलं आणि एकूण सहा झाल्या. त्यामुळे पाटी त्याआधीची असेल, तर त्यातलं ‘रावेनाला’ एवढंच बिनधास्त मानावं.