गावठी कोंबडी : अंडी घालणे आणि खुडूक बसणे

विदर्भातील खेड्यांत घरामागच्या सांदवाडीत किंवा गुरांच्या कोठ्यालगत पाच-दहा गावठी कोंबड्या आणि एखादा कोंबडा मोकळा सोडून पाळतात. या कोंबडीला अंड्यावर यायला सहा-सात महिने लागतात आणि वर्षाला ती साधारण 50 ते 70 अंडी देते. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी 300 च्या आसपास देते, म्हणून गावठीला कमी लेखले जाते. पण ही तुलना अर्धवट आहे. संकरित कोंबडी फक्त अंडी घालते. तिची पिल्ले यंत्रात निघतात. गावठी कोंबडी अंडी घालते, उबवते आणि पिल्लेही सांभाळते, आणि तिच्या वर्षाचा मोठा भाग शेवटच्या दोन कामांत जातो.

अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले सुमारे 20 तास नुसते कवच चढण्यात जातात. त्यामुळे सकाळी घातलेल्या अंड्याची वेळ दुसऱ्या दिवशी थोडी पुढे सरकते, तिसऱ्या दिवशी आणखी, आणि वेळ दुपार उतरेपर्यंत गेली की एक दिवस खाडा पडतो. अंड्यासाठी कोंबड्याची गरज नसते. ती फक्त पिल्लांसाठी.

तलंग (पहिल्यांदा अंडी घालणारी तरुण कोंबडी) अंड्यावर आली की तुरा लालबुंद होतो, ती कोपरे धुंडाळत फिरते आणि पाठीवर हात ठेवला की खाली दबते. तिला आडोसा आणि अंधार हवा. टोपलीत कुटार किंवा तणस घालून जागा करून दिली तरी पुष्कळदा ती अंगणात रचलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगातच शिरते. घरात मग ‘कोंबडी बसली वाटते’ अशी चर्चा होते आणि प्रत्यक्षात काट्याकुट्यांत सात-आठ अंडी साठलेली असतात. यावर जुना उपाय म्हणजे टोपलीत एक अंडे कायम राहू देणे. अंडे असलेली जागा कोंबडीला भरवशाची वाटते.

बारा-पंधरा अंडी झाली की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि अंडी घालणे थांबते. ती पिसे फुलवून बसते, हात नेला की चोच मारते, दिवसातून एकदा उठून दाणापाणी उरकते, धुळीत अंग घोळते आणि परत बसते. अंडी ती स्वतः चोचीने उलटीपालटी करते. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे धरले तर लाल शिरांचे जाळे दिसते. न दिसणारी काढून घेतात. 21 व्या दिवशी पिल्ले फुटतात. त्याआधीच कवचातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. पुढे दीड-दोन महिने ती पिल्लांमागे असते. घार दिसताच वेगळाच आवाज काढून त्यांना पंखाखाली घेते. अशा फेऱ्या वर्षात तीन-चारच बसतात, आणि अंड्यांचा हिशेबही तिथेच लागतो.

पिल्ले नको असतील तर खुडूक मोडतात. नाकपुडीत पीस खुपसण्याची रीत निव्वळ क्रूर आहे. तळाला जाळी असलेल्या, खालून हवा खेळणाऱ्या पिंजऱ्यात चार-पाच दिवस ठेवून दाणापाणी दिले की पोटाला ऊब मिळत नाही आणि ती बहुधा ताळ्यावर येते.

विदर्भात अंड्यांचा खरा शत्रू उन्हाळा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत; 45 अंशांच्या उन्हात ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचासाठी कॅल्शियम कार्बोनेट कमी पडते आणि अंडी पातळ कवचाची येतात. खाणेही कमी होते. बसवण्यासाठी साठवलेल्या अंड्यांत गरमीनेच गर्भ अर्धवट वाढून मरतो, म्हणून मे महिन्यात ती ओल्या वाळूवरच्या मडक्यात ठेवतात.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक भानगड असते. गुरांसमोरची सरकीची ढेप कोंबड्यांनी रोज टिपली तर तिच्यातल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो. अंडे नासले समजून ते फेकले जाते.

कळपात टोचण्याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेचे थॉर्लीफ शेल्डरूप-एबे यांनी 1921 मध्ये तो प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडला. दाण्यावर आधी कोण जाणार, खुराड्यात उंच कोण बसणार, सगळे त्यावर चालते. बाजारातून आणलेली कोंबडी दिवसा सोडली तर रक्त निघेपर्यंत टोचतात, म्हणून ती रात्री खुराड्यात सोडतात. तेही काही दिवस वेगळी ठेवून मगच, कारण मानमोडी (राणीखेत रोग) अशाच पाहुण्या कोंबडीबरोबर येते आणि लस न टोचलेला कळप आठवडाभरात साफ होऊ शकतो.