हेमंत करकरे यांची काष्ठशिल्पं : पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर जवळ आला की हेमंत करकरे यांची एकच ओळख पुढे येते. एटीएस (दहशतवादविरोधी पथक) प्रमुख, २००८ च्या मुंबई हल्ल्यात कामा हॉस्पिटलजवळ अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासोबत शहीद झालेले, मरणोत्तर अशोकचक्राचे मानकरी. ही ओळख खरीच आहे, पण ती एका रात्रीची आहे. हा माणूस कसा घडला, ते समजून घ्यायचं तर चंद्रपूरला जावं लागतं.

करकरे १९५४ चे. शाळा वर्ध्यात, १९७५ मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून (आजचं व्हीएनआयटी) मेकॅनिकल इंजिनिअर. हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८२ च्या तुकडीत आयपीएस.

पुढे ते चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक झाले. सागवान, बांबू, ताडोबा आणि नक्षलवाद्यांचा वावर असलेला हा जिल्हा. गडचिरोली १९८२ मध्येच वेगळा झाला होता, पण जंगल जिल्ह्याची हद्द कुठे पाळतं? इथल्या एसपीला ऑफिसात बसून चालत नाही, आडगावांपर्यंत पोचावंच लागतं. अशा मुलखात पडलेली मुळं, वाळक्या फांद्या, पुरात वाहून आलेले ओंडके जागोजाग दिसतात. इतरांच्या लेखी ते सरपण. करकऱ्यांना त्यात आकार दिसू लागले, आणि चंद्रपुरातल्या मुक्कामात त्यांनी शंभराहून जास्त काष्ठशिल्पं केली.

या कलेत हात चालण्याआधी नजर बसावी लागते. लाकूड दिवसेंदिवस उलटंपालटं करून पाहायचं. साल सोलायची, कुजका भाग खरवडायचा, बेचक्यात अडकलेली माती काढायची, मग पॉलिश पेपरने घासत राहायचं. एखादी गाठ पक्ष्याचा डोळा होते, वाकडं मूळ मान होतं. छिन्नी जरा जास्त चालली की मूळचा आकार गेलाच. मला तरी वाटतं, बारा-चौदा तासांच्या पोलिसी नोकरीत असला छंद जपायला विलक्षण धीर लागतो.

नंतर ‘रॉ’ या गुप्तचर संस्थेसाठी ते सात वर्षं ऑस्ट्रियात होते. जानेवारी २००८ मध्ये एटीएसची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याच वर्षीच्या मालेगाव स्फोटाचा तपासही त्यांच्या काळातला.

पत्नी कविता शिक्षण क्षेत्रातल्या. पतीने त्या रात्री घातलेल्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय झालं, याचा जाब त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मागितला. तो प्रश्न गणवेशातल्या प्रत्येक शिपायाच्या जिवाचा होता. २०१४ मध्ये ब्रेन हॅमरेजने त्या गेल्या, तेव्हा मुलांनी त्यांचे अवयव दान केले.