हरकत घेतलेला फेरफार

1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाचा वाणिज्य दूतावास होता. महावाणिज्यदूत एर्न्स्ट याकसन तिथे बसत आणि एस्टोनिया प्रजासत्ताकाचे पासपोर्ट देत, जुन्यांची मुदत वाढवून देत. हे प्रजासत्ताक तेव्हा होतं कुठे? राजधानी टॅलिनमधली पोलीस चौकी, शाळा, रेल्वे, बँक सगळं मॉस्कोच्या हुकमतीखाली होतं. दुकानात रूबल चालत होता. तरीही त्या पासपोर्टवरचा शिक्का अमेरिकेच्या लेखी खरा होता.

ही भावनेपोटी दाखवलेली मेहेरबानी नव्हती. त्यामागे आंतरराष्ट्रीय कायद्यातलं एक तत्त्व आहे आणि ते समजायला आपला सातबारा पुरेसा आहे. जमिनीवर ताबा कुणाचा आणि मालकी कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दांडगा शेजारी बांध कोरतो, मग अख्खं वावर नांगरतो. पुढे तो फेरफाराची नोंद घालायला जातो, तेव्हा तलाठी नोटीस काढतो. कुणी हरकत घेतली की नोंद वादग्रस्त ठरते. शेजारी पीक काढत राहतो, पण कागद काही त्याच्या नावावर होत नाही. देशांच्या बाबतीत मात्र वरचं कोर्ट आणि तहसीलदार दोन्ही नाहीत. नोंदवही इतर देशांच्या हातात असते. वर्षानुवर्षं कुणीच काही बोललं नाही, तर ताब्याचीच हळूहळू मालकी होते. म्हणून हरकत घ्यावी लागते, आणि पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांचं वावर 1940 च्या उन्हाळ्यात गेलं. त्याआधी ऑगस्ट 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी गुप्त कलमांतून पूर्व युरोप वाटून घेतला होता. जून 1940 मध्ये तिन्ही देशांना निर्वाणीचे खलिते गेले, मागोमाग रणगाडे आले. 14 आणि 15 जुलैला निवडणुका झाल्या. मतदारांपुढे उमेदवारांची एकच यादी होती आणि सोव्हिएत संघात विलीन व्हायचं आहे, हे प्रचारात सांगितलंच नव्हतं. निवडून आलेल्या सभागृहांनी लगेच विलीनीकरणाचा अर्ज केला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो मंजूर झाला.

अमेरिकेचे हंगामी परराष्ट्रमंत्री समनर वेल्स यांनी 23 जुलैलाच निवेदन काढलं. लहान देशांचं स्वातंत्र्य बलाढ्य शेजारी कपटाने संपवतो आहे आणि अमेरिकेला हे मान्य नाही, असा त्याचा आशय होता. कल्पना अगदी नवी नव्हती. जपानने मांचुरिया घेतला तेव्हा, जानेवारी 1932 मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी असंच कळवलं होतं. बेकायदा कृत्यातून हक्क जन्माला येत नाही, हे रोमन कायद्याच्या परंपरेतलं जुनं सूत्र त्याच्या मुळाशी आहे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते निवेदनानंतरचं काम, म्हणजे कारकुनी. निवेदनाच्या आठ दिवस आधीच अमेरिकेने या देशांच्या तिथल्या ठेवी गोठवल्या होत्या. मॉस्कोने त्या मागितल्या, पण मिळाल्या नाहीत. त्याच पैशांतून वॉशिंग्टनमधल्या लाटव्हिया आणि लिथुआनियाच्या वकिलाती आणि न्यूयॉर्कचं हे कार्यालय चालत राहिलं. लाटव्हियाची काही जहाजं मायदेशी न परतता जुन्याच झेंड्याखाली माल वाहत राहिली. त्यांपैकी ‘चिल्टवायरा’ला जानेवारी 1942 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. लाटव्हियाच्या जहाजांच्या पैशांवर पुढे सोव्हिएत कंपनीने अमेरिकेत दावा लावला. न्यायालयाने विचारलं ते एवढंच : सोव्हिएतांनी ज्या हुकमाने जहाजं सरकारजमा केली, त्या हुकमामागची सत्ता आपलं सरकार मानतं का? उत्तर ‘नाही’ होतं. दावा फेटाळला गेला.

नकाशांचंही तसंच. अमेरिकी सरकारच्या नकाशांवर एक छोटी टीप छापली जाई, की या तीन देशांचं विलीनीकरण अमेरिकेने मान्य केलेलं नाही. नकाशा छापताना ती ओळ राहून जाऊ नये, याची काळजी कुणीतरी दरवेळी घेतलेली आहे.

या सगळ्याने तिथल्या माणसांचं रक्षण झालं का? नाही. मार्च 1949 मध्ये तिन्ही देशांतल्या सुमारे 90 हजार लोकांना, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि अतिउत्तरेकडे पाठवलं. वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही कागदाने त्यातली एक गाडी थांबवली नाही. शिवाय सगळे देश ठाम राहिले असंही नाही. स्वीडनने आपल्याकडे ठेवलेलं या बाल्टिक देशांचं सोनं 1940 मध्येच मॉस्कोला देऊन टाकलं. ब्रिटनने प्रत्यक्ष ताबा मानला, कायदेशीर हक्क मानला नाही. पण 1967 मध्ये आपल्याकडे ठेवलेलं त्यांचं सोनं विकून सोव्हिएतांबरोबरचे जुने हिशेब मिटवले. बाल्टिक देश स्वतंत्र झाल्यावर तेवढं सोनं ब्रिटनला त्यांना परत द्यावं लागलं. ऑस्ट्रेलियाने 1974 मध्ये विलीनीकरणाला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर ती मागे घेतली.

आणि हरकत घेणारा नेहमी न्यायाच्याच बाजूचा असतो असंही नाही. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेच हत्यार उलट बाजूने वापरलं. साडेचारशे वर्षांची वसाहत गेली हे लिस्बनने 31 डिसेंबर 1974 च्या करारापर्यंत कायद्याने मानलं नाही. गोव्यातल्या लोकांनी बँकेत तारण ठेवलेले दागिने 1961 मध्ये लिस्बनला नेले गेले, ते 1991 मध्ये परत आले. एवढ्या काळात कित्येक घरांतल्या ज्या मुलींच्या लग्नासाठी ते राखले होते, त्यांच्याच मुली लग्नाच्या झाल्या. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना आजही पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, त्याची मुळं याच इतिहासात आहेत.

बाल्टिक देशांच्या हरकतीचं मोल 1991 मध्ये कळलं. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि तो फसत असतानाच टॅलिन व लाटव्हियाची राजधानी रीगा यांनी लिथुआनियापाठोपाठ स्वातंत्र्य जाहीर केलं. जाहीरनाम्यांची भाषा नव्या देशाच्या जन्माची नव्हती. 1918 चं प्रजासत्ताक मधे तुटलंच नाही, फक्त त्याचा ताबा गेला होता, ही त्यांची भूमिका होती. म्हणून अमेरिकेनेही 2 सप्टेंबरला त्यांना नव्याने मान्यता दिली नाही, फक्त राजनैतिक संबंध पूर्ववत सुरू केले. 1905 मध्ये जन्मलेले याकसन वयाच्या 86 व्या वर्षी एस्टोनियाचे राजदूत झाले.

पण देश तोच, तर नागरिकही तेच, हा हिशेबही त्याच तर्कातून आला. एस्टोनिया आणि लाटव्हियाने 1940 पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वारसांना आपोआप नागरिक मानलं. सोव्हिएत काळात कारखान्यांत कामाला आलेल्या, मुख्यतः रशियन बोलणाऱ्या लाखो लोकांना आणि तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना मात्र भाषेची परीक्षा देऊन अर्ज करायला सांगितलं. कायद्याच्या बाजूने याला तोड नाही. पण एस्टोनियातल्या नार्वा शहराच्या गिरणीत तीस वर्षं राबलेल्या बाईला पन्नाशीनंतर एस्टोनियन व्याकरण शिकायला बसवणं मला आजही पटत नाही. अनेकांनी परीक्षा दिली, अनेकांनी रशियाचं नागरिकत्व घेतलं. काहींच्या खिशात अजूनही एस्टोनियाचा राखाडी पासपोर्ट आहे, कुठल्याच देशाचे नागरिक नसलेल्यांना मिळतो तो.